फोन ज्याचा, बोटही त्याचंच

या महिन्यात आलेल्या पत्रांत मोबाइलचा विषय सगळ्यात जास्त आहे. हंगाम तोंडावर आला की पीक पाहणी, ओळखपत्र, केवायसी सगळं एकदम अंगावर येतं, त्यामुळे नवल नाही. माझी कृषी सहाय्यक म्हणून नोकरी औसा तालुक्यात झाली. निवृत्तीनंतर सकाळी गावच्या दूध संकलन केंद्राच्या ओट्यावर बसते आणि ज्यांचं फोनवरचं काम अडलंय त्यांच्यासोबत ते पुरं करते. उत्तरं त्या अनुभवातून देते आहे.

प्रश्न : *ताई, मी पुण्यात सॉफ्टवेअर कंपनीत आहे. दिवाळीत गावी शाळेत प्रोजेक्टर लावून शेतकऱ्यांसाठी शिबिर घेतलं. हवामान, बाजारभाव, महाडीबीटी (सरकारी योजनांचे अर्ज), ई-पीक पाहणी, सगळी ॲप दाखवली. लोक आले, चहापाणी झालं, कौतुकही केलं. संक्रांतीला गेलो तर एकाच्याही फोनवर त्यातलं काही चालू नव्हतं. आमच्या लोकांची बदलायची तयारीच नाही का? (एक वाचक, बार्शी तालुका)*

दादा, तयारी नसती तर दुधाची पावती गावात रुजली नसती. आमच्या केंद्रावर आधी सगळं वहीत लिहायचे. मग यंत्र आलं. नमुना यंत्राला लावला की फॅट, एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन घटक), लिटर, दर आणि रक्कम छापलेली चिठ्ठी हातात पडते. त्यासाठी कुणी शिबिर घेतलं नाही. शाळेचं तोंड न पाहिलेल्या बायकासुद्धा आठवड्याभरात विचारायला लागल्या, "काल फॅट तीन-आठ लागली होती, आज तीन-चार कशी?" त्या आकड्यावर त्यांचे पैसे ठरत होते आणि जाब विचारायला माणूस समोर उभा होता. म्हणून ते जमलं.

तुमच्या शिबिरात या दोन्ही गोष्टी नव्हत्या. दिवाळीत खरिपाची पीक पाहणी संपलेली असते, रब्बीची सुरू व्हायची असते. म्हणजे दाखवलेलं त्या दिवशी कुणाच्या कामाचं नव्हतं, आणि कामाचं झालं तेव्हा तुम्ही पुण्यात होतात. हे दोष देण्यासाठी म्हणत नाही. सरकारी शिबिरंही अशीच होतात, मी स्वतः त्यांत व्यवस्था पाहिली आहे.

मग अडतं कुठे, ते सांगते. ई-पीक पाहणी म्हणजे सातबाऱ्यावरची पिकाची नोंद शेतकऱ्यानं स्वतः मोबाइलवरून करायची. १५ ऑगस्ट २०२१ पासून ही पद्धत राज्यभर लागू झाली, त्याआधी ते काम तलाठ्याचं होतं. नोंद राहिली तर गाव नमुना बारावर, म्हणजे सातबाऱ्याच्या पिकाच्या भागात, पीक दिसत नाही, आणि पुढे हमीभावाच्या खरेदीला किंवा नुकसानीच्या मदतीला माणूस अडतो. गेल्या खरिपात सत्तरी ओलांडलेल्या एका आजोबांसोबत त्यांच्या शेतात गेले होते. त्यांनी गाव निवडलं, स्वतःचं नाव शोधलं, गट क्रमांक निवडला. क्षेत्राच्या रकान्यात २ लिहिलं. ॲप पुढे सरकेना. पुन्हा २ लिहिलं. पुन्हा तेच. शेत दोन एकर आहे, आजोबांचं काहीच चुकलेलं नव्हतं. ॲप हेक्टर-आरमध्ये बोलतं आणि आमची माणसं एकर-गुंठ्यात. दोन एकर म्हणजे शून्य पॉइंट ऐंशी.

ते सुटलं तर पुढे पिकाचा वर्ग. सहा तास सोयाबीन, मग एक तास तूर, असा पेरा होता. म्हणजे 'निर्भेळ' नाही, 'मिश्र' निवडायचं, आणि मिश्र म्हटलं की दोन्ही पिकांचं क्षेत्र वेगवेगळं भरायचं. आजोबा बांधावर बसले, मनातल्या मनात तासांचा हिशेब केला आणि आकडा सांगितला. वर उन्हानं काच दिसेना, म्हणून उपरण्याची सावली धरली. घट्टे पडलेलं कोरडं बोट काचेला कळेना. ते जरा ओलं करून धोतराला पुसलं तेव्हा चाललं. फोटो काढले. रेंज नव्हती, पण नोंद फोनमध्येच राहते. घरी येऊन अपलोड केली.

या सगळ्या वेळात माझे हात पाठीमागे होते. फोन हातात घ्यायचा मोह फार होतो, आणि घेतला की काम दोन मिनिटांत होतं. पण मग पुढच्या हंगामात तोच माणूस पुन्हा आपल्या दारात असतो, आणि आपण नसलो तर सेवा केंद्रात पैसे मोजतो. फोन ज्याचा, बोटही त्याचंच चाललं पाहिजे. रब्बीत आजोबांनी स्वतःची नोंद एकट्यानं केली. एका मोबाइलवरून अनेक खातेदारांची नोंद करता येते हे त्यांनी कुठूनसं ऐकलं होतं, तर भावकीतल्या दोघांच्या शेतावर जाऊन त्यांचीही करून घेतली. तिथे त्यांनी पहिली गोष्ट सांगितली ती एकराला शून्य पॉइंट चाळीसची.

लोक आपलं अडलेलं तेवढंच काम उचलतात, याचा आपल्याकडचा मोठा दाखला वारणेचा आहे. १९९८ मध्ये कोल्हापूर-सांगलीतल्या सत्तर गावांत वारणा सहकारी समूह आणि केंद्र सरकारच्या एनआयसी या संगणक संस्थेनं संगणक केंद्रं उभारली. शेतीचा सल्ला, बाजारभाव, दाखले, शिक्षण, बरंच काही त्यात योजलेलं होतं. काही वर्षांनी अभ्यासकांनी जाऊन पाहिलं, तर संगणक मुख्यतः साखर कारखान्याच्या कामाला वापरले जात होते: ऊसतोडीची परवानगी, खताची उचल, उसाचं वजन. तेवढ्या कामाला संगणक कशाला, म्हणून काही गावांत तीच माहिती साध्या फोनवर एसएमएसनं द्यायचा प्रयोग झाला, आणि तो चालला. काही जण वारणेचा हा अनुभव फसलेला म्हणून सांगतात. मला तो तसा वाटत नाही. शेतकऱ्यांनी सत्तर गावांत मिळून एकच सांगितलं, की आमचं अडलेलं काम हे आहे.

तेव्हा पुढच्या खेपेला पाच ॲप नेऊ नका. गावात विचारा, येत्या महिन्यात कुणाचं काय अडणार आहे, आणि तेवढं एकच धरा. शाळेत नको, शेतात किंवा डेअरीवर बसा. दहावी-बारावीच्या मुलामुलींपैकी दोघा-तिघांना आधी तयार करा, पण त्यांना पहिल्या दिवशीच बजावा की आजीचा फोन आजीच्याच हातात राहील. चित्रफीत दाखवायची असेल तर गावातल्याच माणसाची काढा. 'डिजिटल ग्रीन' हे काम २००६ मध्ये बंगळूरला सुरू झालं, त्याचा पाया हाच आहे: शेजारच्या शेतकऱ्याची फीत, आणि ती दाखवताना थांबवून प्रश्न विचारणारा माणूस. लोक आधी हेच विचारतात की हा कुठल्या गावचा, कोणाचा कोण. तुम्ही पुण्याहून रविवारी संध्याकाळी फोनवर तासभर त्या मुलांच्या शंका घेतल्यात तरी ते वर्षाच्या शिबिरापेक्षा जास्त कामाचं होईल.

प्रश्न : *पीएम किसानच्या नावाची एक फाइल गावच्या ग्रुपवर आली आहे. 'हप्ता अडकला असल्यास लगेच इन्स्टॉल करा' असं लिहिलंय. पाठवणारा ओळखीचा आहे. करू का? (एक शेतकरी, नांदेड जिल्हा)*

अजिबात नको. नावाच्या शेवटी एपीके (.apk) असलेली, म्हणजे फोनवर ॲप बसवणारी फाइल कुणाकडूनही आली तरी उघडू नका, मग तो सख्खा भाऊ का असेना. बहुतेक वेळा त्याचा फोन आधीच ताब्यात गेलेला असतो आणि त्याला पत्ताही नसतो. पीएम किसानची केवायसी अधिकृत संकेतस्थळावर, प्ले स्टोअरवरच्या अधिकृत ॲपवर किंवा सेवा केंद्रात अंगठा देऊन होते, व्हॉट्सॲपवर आलेल्या फाइलनं नाही. चुकून उघडलीच असेल तर आधी फोनचं इंटरनेट बंद करा, दुसऱ्या फोनवरून बँकेला कळवा आणि पैसे गेले असतील तर लगेच १९३० ला फोन लावा. तिथे मिनिटांना किंमत असते. आणि ग्रुपवर लिहा. लाजेनं गप्प बसलेल्या माणसामागे दुसरे दहा फसतात.

प्रश्न : *ताई, मी रोज मोबाइलवर लातूरचा सोयाबीनचा भाव बघतो. स्क्रीनवर एक भाव असतो, मोंढ्यात हातात पडतो दुसराच. मग ही माहिती घेऊन आम्ही करायचं काय? (एक शेतकरी, निलंगा तालुका)*

भाऊ, तुमच्या प्रश्नावर मोठमोठ्या अर्थशास्त्रज्ञांनी डोकं घातलेलं आहे, आणि दोन ठिकाणची उत्तरं एकमेकांच्या उलट आली आहेत.

पहिलं केरळचं. तिथल्या किनाऱ्यावर १९९७ ते २००१ या काळात मोबाइल पोचले. रॉबर्ट जेन्सन या अभ्यासकानं फोन यायच्या आधीची एक सकाळ नोंदवून ठेवली आहे: १४ जानेवारी १९९७, बडगरा. अकरा मच्छीमार गिऱ्हाईक नाही म्हणून मासे फेकून द्यायला निघालेले, आणि पंधरा किलोमीटरच्या आत सत्तावीस खरेदीदार मासे न मिळाल्यानं रिकाम्या हातानं परतायच्या बेतात. फोन आल्यावर मच्छीमार समुद्रातूनच विचारू लागले की आज कुठल्या बंदराला लावू. मासे फेकणं जवळजवळ थांबलं. मच्छीमारांची कमाई सुमारे आठ टक्क्यांनी वाढली आणि गिऱ्हाइकाला मासळी चारेक टक्के स्वस्त मिळाली.

दुसरं आपल्या महाराष्ट्राचं. रॉयटर्सची मार्केट लाइट ही एसएमएस सेवा २००७ मध्ये आपल्याकडे सुरू झाली: भाव, हवामान, पिकाचा सल्ला. मार्सेल फाफशाम्प आणि बार्ट मिंटेन यांनी राज्यातली शंभर गावं घेतली, काहींना ही सेवा फुकट दिली, काहींना दिली नाही, आणि वर्षानं तुलना केली. त्यांचा निष्कर्ष २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. सेवा मिळालेल्या शेतकऱ्यांना मिळालेल्या भावात ठळक असा फरक सापडला नाही.

दोन्ही अभ्यास मला खरे वाटतात. मासेवाल्याची होडी पाण्यातच असते, इंजिन चालू असतं, ती कुठल्याही बंदराला वळवता येते. आपला टेम्पो वळवायला भाडं लागतं. त्यात पेरणीच्या वेळी बियाण्याला, खताला आडत्याकडून उचल घेतलेली. माल त्याच्याच दुकानी घालायचा हे आषाढातच ठरलेलं असतं. मग दिवाळीत फोनवर दुसरीकडचा भाव दिसला काय आणि न दिसला काय! फोननं माणसाला दिसतं जास्त, पण पाय मोकळे होत नाहीत. शेतकऱ्याला फोन शिकवा म्हणणारे लोक ही बाजू विसरतात याचं मला वाईट वाटतं.

आता करायचं काय. आधी भाव वाचायचा कसा ते बघा. किमान, कमाल आणि सर्वसाधारण असे तीन आकडे असतात. आपलं लक्ष कमालवर जातं, पण तो भाव एखाद्या स्वच्छ, वाळलेल्या मालाच्या ढिगाला मिळालेला असतो. तुम्ही सर्वसाधारण बघा आणि शेजारी आवक बघा. आवक तीन-चार दिवस चढती असेल तर घाई नको. मालात ओलावा किती हे घरून निघण्याआधी माहीत असू द्या. हमीभावाच्या खरेदीला बारा टक्के ही नेहमीची मर्यादा. दोन ऊन जास्त देऊन नेलेलं सोयाबीन वजनाला घटतं, पण तिथे वजावट लावायला कुणाला तोंड राहत नाही.

मग हिशेब मांडा. समजा लातूरला तुमच्या जवळच्या बाजारापेक्षा क्विंटलमागे दीडशे जास्त आहेत आणि माल दहा क्विंटल. फरक दीड हजारांचा. भाडं, वरची हमाली आणि तुमचा बुडालेला दिवस धरून बाराशे गेले तर हाती उरले तीनशे. तेच तिघांनी मिळून एका गाडीत तीस क्विंटल भरलं तर फरक साडेचार हजारांचा, आणि भाडं जवळजवळ तेवढंच. म्हणजे भावाची माहिती एकट्याच्या फोनवर निजून राहते, आणि तिघांच्या ग्रुपवर तीच कामाला लागते.

पैशाची निकड असेल तर शेतमाल तारण योजना विचारा. पणन मंडळाची ही योजना १९९०-९१ पासून चालू आहे. माल बाजार समितीच्या गोदामात ठेवायचा. सोयाबीन, तूर, हरभरा यांसारख्या मालाला किमतीच्या पंच्याहत्तर टक्क्यांपर्यंत रक्कम सहा टक्के व्याजानं, १८० दिवसांसाठी मिळते. तुमची बाजार समिती यंदा ती राबवते आहे का, एवढं पेरणीच्या आधीच विचारून ठेवा. ती सोय हाताशी असेल तर मोबाइलवरचा भाव रोज बघण्याला अर्थ आहे.

प्रश्न : *मालक जाऊन तीन वर्षं झाली. शेत मीच बघते. पण फोन नंबर सगळीकडे मुलाचा लागलेला आहे आणि तो चाकणला कंपनीत असतो. ओटीपी आला की त्याला फोन करायचा, तो शिफ्टला असला की काम बसतं. मी सातवी शिकले आहे. मला हे जमेल का? (एक वाचक भगिनी, उमरगा तालुका)*

बाई, जमेल. तीन वर्षं एकटीनं शेत करताय, त्यापुढे हे काहीच नाही.

तुमच्यासारख्या खूप जणी आहेत. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशाच्या ग्रामीण भागात स्वतःच्या वापराचा मोबाइल असलेल्या स्त्रिया ४६.६ टक्के निघाल्या, निम्म्याहूनही कमी. आणि शेतातलं काम निम्म्याहून जास्त कुणाच्या अंगावर आहे हे मी तुम्हाला काय सांगू! डिजिटल शेतीचं प्रशिक्षण ठेवलं की सातबाऱ्यावरच्या नावाला बोलावणं जातं. खुरपणारी, फवारणीचं पाणी आणणारी बाई घरीच राहते. हे मी नोकरीत असताना वर्षानुवर्षं पाहिलं आहे आणि ते मला अजून सलतं.

तुमच्यासाठी क्रम असा. आधी सातबारा बघा. मालकांचंच नाव असेल तर वारस नोंद करून घ्या. त्याचा अर्ज ई-हक्क प्रणालीवर घरबसल्याही करता येतो. मृत्यूचा दाखला आणि वारसांची नावं हाताशी ठेवा. तुमचं नाव लागल्याशिवाय शेतकरी ओळखपत्र तुमच्या नावे निघणार नाही, आणि राज्यात योजनांसाठी ते आता सक्तीचं झालं आहे. मग स्वतःच्या नावाचं सिम घ्या आणि आधार केंद्रात जाऊन तो नंबर आधारला जोडा. बँकेतही तोच द्या. मुलाला आधी नीट सांगा की तुझ्यावर अविश्वास नाही, तुझी धावपळ वाचावी म्हणून करते आहे. या एका बोलण्यावाचून घराघरांत रुसवे झालेले मला माहीत आहेत.

टाइप करायची भीती असेल तर करूच नका. कीबोर्डवर माइकचं चिन्ह असतं, ते दाबून मराठीत बोला, अक्षरं आपोआप उमटतात. व्हॉट्सॲपवर बोलून निरोप पाठवा. पिकावर काही पडलं तर पानाचा फोटो दोन्ही बाजूंनी काढा, कीड बहुधा पानाच्या खालच्या बाजूला असते. किसान कॉल सेंटरचा नंबर १८००-१८०-१५५१, सकाळी सहा ते रात्री दहा, फुकट, आणि मराठीत बोलतात. फोन लावताना पीक किती दिवसांचं, शेवटची फवारणी कशाची, हे कागदावर लिहून ठेवा. बचत गटाची बैठक असेल तेव्हा सगळ्या जणी मिळून एक फोन स्पीकरवर लावा. एकीनं विचारलेलं दहा जणी ऐकतात, आणि दुसऱ्या वेळी कुणाला लाज वाटत नाही.

प्रश्न : *आमच्या वस्तीवर निम्म्या लोकांकडे साधे फोन आहेत. हवामानाचा अंदाज आणि विजेचा इशारा त्यांच्यापर्यंत कसा पोचवावा? ग्रामपंचायतीकडे थोडा निधी आहे, टॅब घ्यावेत असं काही सदस्य म्हणतात. (एक ग्रामपंचायत सदस्य, जत तालुका)*

टॅब नका घेऊ. ते कपाटात जातील. चांगला भोंगा घ्या आणि डेअरीवर एक मोठा फळा लावा.

पुदुच्चेरीजवळच्या वीरमपट्टिनममध्ये स्वामिनाथन प्रतिष्ठाननं १९९८ च्या सुमारास ज्ञान केंद्रांचं काम सुरू केलं. केंद्रातली मुलगी इंटरनेटवरून लाटांच्या उंचीचा अंदाज उतरवून घ्यायची आणि तो ध्वनिक्षेपकावरून किनाऱ्यावर ऐकवला जायचा. मच्छीमाराला संगणकाला हातही लावावा लागला नाही. त्याच परिसरातल्या नल्लवाडू गावात २६ डिसेंबर २००४ ला, सिंगापूरला नोकरी करणाऱ्या गावच्या तरुणानं फोन करून त्सुनामीचं कळवलं, आणि केंद्राच्या भोंग्यावरून गाव रिकामं झालं. फोन एकाचा, पण भोंगा गावाचा होता, म्हणून माणसं वाचली.

तुमच्याकडे दोन गोष्टी वेगळ्या ठेवा. हवामानावर आधारित कृषी सल्ला दर मंगळवारी आणि शुक्रवारी निघतो, 'मेघदूत' ॲपवर मराठीत मिळतो. तो फळ्यावर चार ओळींत लिहायचा: पाऊस, वारा, फवारणी करावी की नाही, कापणी करावी की नाही. बाकीचं सोडा. वळिवाच्या दिवसांत पुण्याच्या आयआयटीएम संस्थेचं 'दामिनी' ॲप निदान चार-पाच जणांच्या फोनवर चालू हवं. आपल्या जागेपासून वीस आणि चाळीस किलोमीटरच्या टप्प्यात वीज पडत असेल तर ते इशारा देतं. इशारा आला की लगेच भोंग्यावरून सांगायचं, कारण मेंढरं घेऊन माळावर गेलेला माणूस फळा बघायला येणार नाही. सांगताना नुसतं 'वीज पडणार' म्हणू नका. झाडाखाली थांबू नका, जनावरं झाडाला बांधू नका, पक्क्या घरात या, एवढं स्पष्ट बोला.

फळा लिहायचं काम शाळेतल्या मोठ्या मुलांकडे पाळीनं द्या आणि भोंग्याची किल्ली ग्रामपंचायतीच्या कुलपात न ठेवता जवळ राहणाऱ्या दोन घरांत ठेवा. वीज दुपारी चारनंतर जास्त पडते, आणि तोवर कार्यालयातली माणसं निघालेली असतात. भोंग्याला बॅटरीची सोय करून घ्या, कारण वादळात लाइट आधी जाते. निधी उरला तर तो त्यातच घाला.